सात लुगड्यांचं पातं

आपल्याला हवेचा वास येतो, असं तो म्हणायचा. मला त्याच्याजवळ गेलं की बिडीचाच वास यायचा. पण "आज दुपारून हवा सुटते" असं तो म्हणाला, की दुपारी दोरीवरचं धुणं उडून जायचं, हेही खरं.

सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता, तरी मीही चाचाच म्हणत असे. तो मला वयनी म्हणायचा. आमच्या गावामागच्या माळावर एका कंपनीचे दहा पंखे होते. पुस्तकात पवनचक्की लिहितात, आम्ही पंखे म्हणतो. चाचा त्यांचा चौकीदार. पंखे उभे राहिले त्या साली तो कारंज्याहून आला आणि माळाच्या पायथ्याशी टिनाच्या खोलीत राहिला. बायको आधीच गेली होती, मुलगी कारंज्यातच दिलेली. पंखे म्हातारे होईपर्यंत तो तिथंच होता.

त्याच्या खोलीत पंखा नव्हता. उन्हाळ्यात टिनावर भाकर भाजली असती. मी एकदा विचारलं, "चाचा, एखादा टेबलफॅन काहून घेत नाही?"

"वयनी, दिवसभर पंख्यायची चाकरी करतो. घरी आल्यावर बी त्यायचंच तोंड पाहू का?"

त्याचा बाप पिंजारी होता. कारंज्यात गाद्या भरायचा. लहानपणी चाचा बापाच्या धनुकलीजवळ बसून कापूस पिंजताना ऐकायचा, आणि तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, जरा ढिली झाली की बापाच्या आधी याला कळायचं. धंदा बुडाला, पण दोन गोष्टी याच्याकडे राहिल्या. एक तो कान, आणि दुसरा खिशातला कापसाचा पुंजका. उभा असेल तिथं चिमूटभर कापूस सोडून तो हवा पाहायचा. शेलूबाजारच्या बँकेत सोडला, तेव्हा कॅशियर शिंकत बसला. माझ्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना सोडला, तो जाऊन नवरदेवाच्या मिशीला चिकटला. भटजी थांबले. चाचा म्हणाला, "चालू द्या महाराज, हवा पश्चिमेची हाय, शुभ हाय."

आणखी एक चीज म्हणजे स्टीलचा पेला. तो पेला पंख्याच्या खांबाला लावायचा, त्याच्या बुडाला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टर छातीला लावतात तसं. त्या पेल्यात कोणाला पाणीसुद्धा देत नसे. एकदा मी चहा ओतायला घेतला तर हातातून ओढून घेतला. "वयनी, हा दवाखान्यातला गिलास हाय!"

"काय ऐकू येतं त्यात?"

"ज्याचं दुखते तो बोलते. जो बरा हाय तो कायले बोलन?"

मला हे सगळं ढोंग वाटायचं. मग एका साली कंपनीची नवीन इंजिनियर मॅडम आली. पुण्याकडची, वयानं लहान, पायात बूट, हातात कॉम्प्युटर. तिनं सगळे पंखे तपासले आणि सगळे ठीक आहेत म्हणाली. चाचा म्हणाला, "मॅडम, सात नंबरची तात ढिली झाली."

"काका, त्याला तात नसते."

"नसन. पन ढिली झाली."

मॅडम हसली. आठ दिवसांनी सात नंबर कण्हत कण्हत बंद पडला. वर चढून पाहिलं तर आतलं बेअरिंग गेलं होतं. त्यानंतर मॅडम गावात आली की आधी चाचाच्या खोलीवर जायची, आणि मग कॉम्प्युटर उघडायची.

सात नंबर माझ्या वावरात होता, म्हणून मला हे पक्कं आठवतं. माझे मालक जिवंत असताना त्यांनी शेताचा तो तुकडा कंपनीला दिला होता. खांबाखाली सिमेंटचा ओटा, भोवती गिट्टी. तिथं गवतसुद्धा उगवायचं नाही.

चाचा पंख्यांबद्दल बोलायचा तेव्हा बैलांबद्दल बोलतोय असं वाटायचं. "तीन नंबर आज रुसला." "नऊ नंबर खादाड हाय, हवा दिसली का सुटला." गावात लाईन गेली की बाया त्याला पकडायच्या. "काय गा चाचा, तुये पंखे तर फिरून राह्यले, मंग आमची लाईन कुठी गेली?"

तो शांतपणे सांगायचा, "बाई, गाय तुमच्या कोठ्यात हाय, पन दूध डेरीवर जाते."

दुसरं एक वाक्य तो नेहमी बोलायचा. हवा कोनाच्या बापाची नाई, पन वावर बापाचं असते. कंपनीचे साहेब आले तरी बोलायचा, ग्रामपंचायतीत बोलायचा, मशिदीसमोर पानठेल्यावर बोलायचा. आम्हाला ते पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे माणूस लक्ष देत नाही.

मग बातमी आली की जुने दहा पंखे निघणार आणि त्यांच्या जागी दोनच नवे येणार. दोन नवे त्या दहांपेक्षा जास्त वीज काढतील, असं मॅडमनं सांगितलं. आठ खांबांखालची जमीन ज्याची त्याला परत मिळणार, सात नंबरखालचीही. मला वाटलं चाचा रडेल. मी मुद्दाम पाहायला गेले. तो खोलीबाहेर बसून कांदा कापत होता.

"ऐकलं का चाचा?"

"आयकलं. म्हातारे झाले ते. बैल म्हातारा झाला का मानूस त्याले नांगराले जुंपते का?"

"आणि तुझी नोकरी?"

"मी बी बैलच हाय," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं. मी नीट पाहिलं.

रडायची पाळी माझ्यावर आली, आणि ती पंख्यामुळे नाही, रस्त्यामुळे. नव्या पंख्याचं पातं फार लांब, ते एका तुकड्यात येतं, तोडता येत नाही. ट्रक हायवेवरून गावात येणार आणि गावातून माळावर चढणार. गावात एकच वळण आहे, आणि त्या वळणावर माझं घर आहे. घर म्हणजे दोन खोल्या आणि ढोरांचा कोठा. एका सकाळी म्हशीचं शेण काढायला बाहेर आले, तर कोठ्याच्या भिंतीवर लाल रंगाचा तळहाताएवढा ठिपका, आणि तसाच एक खोलीच्या कोपऱ्यावर.

मी मॅडमला विचारलं, "हे काय?"

ती खाली पाहून म्हणाली, "आजी, एवढा भाग काढावा लागेल. भरपाई मिळेल."

"एवढा म्हणजे सगळाच आहे. उरतो तो फक्त उंबरठा."

ग्रामसभा भरली. आमची सरपंच बाई होती, पण बोलायचा तिचा नवरा. त्याचं म्हणणं, कंपनी गावासाठी काहीतरी करणार आहे, तर वेशीवर मोठी कमान मागू. वर गावाचं नाव, दोन बाजूंना दोन हत्ती. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या घराबद्दल तो म्हणाला, "गावाच्या भल्यासाठी एकाले थोडा त्रास सोसा लागते, काकू."

मी म्हणाले, "सोसते. माझं घर पाडा, कमान बांधा, आणि तिसरा हत्ती म्हणून मले त्या कमानीखाली बसवा."

लोक हसले. हसू आलं तरी त्यांनी हात कमानीसाठीच वर केले. मी घरी आले, भांडी घासली, आणि रात्री जेवले नाही. घर काही फार चांगलं नाही. पावसात दोन ठिकाणी गळतं. पण ते माझं आहे, आणि या वयात माझ्याच्यानं दुसरं होणार नाही.

सकाळी चाचा आला. दारातच कापूस सोडला, पाहिला, आणि म्हणाला, "वयनी, पांदण."

आमच्या गावाला नाल्याकाठानं जाणारी जुनी पांदण आहे. पूर्वी बैलबंड्या तिकडूनच माळावर जायच्या. ती पांदण नाला ओलांडते आणि माळ्यांच्या वस्तीवरून जाते. वस्तीत दहाबारा घरं, सगळी भाजीपाला करणारी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की त्या बाया भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यायच्या, तेव्हा कुठे शेलूबाजारची जीप मिळायची. नाला फुगला तर भाजी वस्तीतच सडायची आणि दिवस भरलेली बाईसुद्धा तिथंच अडकायची.

"ट्रक पांदणीनं नेला तं तुमचं घर बी वाचते, वस्तीले रस्ता बी होते," चाचा म्हणाला. "पन पातं वळते का नाई, ते पाह्यलं पायजे."

त्यानं मॅडमकडून आठ दिवस मागून घेतले. मग पात्याची लांबी विचारून आला आणि मीटर माझ्यासमोर टाकले. मीटर मला कळत नाहीत. मी म्हणाले, "लुगड्यांत सांग." आम्ही अंगणात हिशेब केला. नऊवारी सात लुगडी, वर एक पदर.

मग काय, मी माझी दोन काढली, शेजारणींनी एकेक दिलं, वस्तीतल्या बायांनी उरलेली आणली. टोकाला टोक बांधलं. गाठींत गेलं म्हणून आठवं जोडलं. माझं हिरवं पुढे, शेवटी एकीचं लग्नातलं पिवळं. हे पातं. पंधरा बाया ते ताणून धरून हायवेपासून निघाल्या आणि चाचा पुढे कापूस उडवत. माझ्या घराच्या वळणावर आलो. पुढच्या वळल्या, मधल्या वळल्या, मागच्या वळल्या. कुठे घासलं नाही. भिंत जागच्या जागी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पांदणीनंही तसंच सुरळीत गेलं. मॅडमच्या कॉम्प्युटरनं काय मोजलं होतं कोण जाणे, असं म्हणत आम्ही चहा केला. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी लुगडी धुऊन, सोडवून घडी घालत होते. हिरव्याची घडी घातली, आणि हात थांबला. तशीच उठून चाचाच्या खोलीवर गेले.

"चाचा, लुगड्याची घडी होते."

"मंग?"

"पात्याची होते का?"

 त्याच्या तोंडातून बिडी पडली. मग असा हसायला लागला की खोकला आला, आणि मीच त्याच्या पाठीवर थापा मारल्या. "अल्ला रे, पंधरा बाया न् एक पिंजारी! कोनाच्याच डोक्यात नाई आलं! मॅडमले सांगू नका वयनी, माह्या पेल्याची इज्जत जाइन."

मॅडमला मी नाही सांगितलं. पण आता ती हे वाचेल तर वाचो.

मग त्यानं शेलूबाजारच्या मंडपवाल्याकडून बांबू आणले. तीनतीन बांबू एकत्र बांधून, टोकं एकमेकांवर चढवून सात लुगड्यांएवढी लांबी केली. पुढचा भाग एका बैलबंडीवर, मधला दुसरीवर, आणि मागची लांब शेपटी हवेत. ती खाली घासू नये म्हणून चार जणांनी दुबेळक्याच्या, टोकाला फाटा असलेल्या काठ्यांवर ती वर उचलून धरली होती. यावेळी मॅडमला बोलावलं. सगळं गाव जमलं. सरपंचाचा नवरा आपल्या नव्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. त्याचं घर माझ्या समोरच, वळणाच्या बाहेरच्या अंगाला.

"पाहू द्या तमाशा," तो वरून म्हणाला.

पुढची बंडी माझ्या दाराकडे वळायला लागली. चाचा ओरडत होता, "हळू, हळू, बैल नका पळवू!" बांबूचा मधला भाग माझ्या कोठ्याकडे सरकायला लागला. मी डोळे मिटले नाहीत. मिटून काय होतं? तो भाग माझ्या भिंतीपासून हातभर दूर असताना मागून धाडकन आवाज आला. पुढचं टोक इकडे वळलं, तशी मागची शेपटी तिकडे फिरली, आणि ती धरणारे चौघे "अरे, अरे" करत आडवे पळाले. शेपटी सरपंचाच्या नवऱ्याच्या गॅलरीत घुसली. डिशची छत्री खाली पडली, आणि तो खुर्चीवरून उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

चाचानं वर पाहिलं. "भाऊ, वयनीचं घर पाडलं तरी बी शेपटी तुमच्याच घरात येते. तुमच्या गॅलरीवर बी लाल ठिपका लावा लागते."

त्या घटकेपासून सरपंचाचा नवरा पांदणीचा भक्त झाला. खाली उतरून स्वतः बैलांचा कासरा धरला आणि बंड्या पांदणीनं नेल्या. तिथं मोकळी जागा, बाहेरच्या अंगाला फक्त वांग्यांचं वावर. शेपटी वांग्यांवरून फिरून निघून गेली. नाल्यात बंड्या थांबल्या. मॅडमनं फोनवर सगळ्याचं शूटिंग काढलं होतं. ती म्हणाली, कंपनीचे लोक पुन्हा मोजतील, पण हे जमेल असं दिसतं. नाल्यावर पाईप आणि मुरूम टाकून ट्रक पार करता येतील.

"आनि ट्रक गेल्यावर?" चाचानं विचारलं.

"पाईप काढून घेतात काका. तात्पुरतं असतं ते."

पुढच्या ग्रामसभेत चाचानं पहिल्यांदाच गावाच्या वतीनं तोंड उघडलं. गावचा नव्हता, मत नव्हतं, तरी उभा राहिला. "तीसेक वर्सं तुमची हवा खाल्ली त्यायनं. दोन हत्ती घेऊन काय करता? हत्तीले नाल्यात पोहता येते, तुमच्या पोरीले येत नाई. पूल मांगा. पक्का. जाताना न्यायचा नाई." वस्तीतल्या बाया मागे बसल्या होत्या, त्यांनी सगळ्यात आधी हात वर केले. त्यांचे हात मोजायला वेळ लागला, कारण त्या दोन्ही हात वर करत होत्या.

ग्रामसेवकानं ठराव लिहिला. चाचानं तो कागद माझ्याकडे दिला. "वयनी, तुमी चौथी शिकल्या. वाचा." मी मोठ्यानं वाचलं. त्यात रस्ता होता, पूल होता, पण कायमचा हा शब्द नव्हता. मी कागद परत केला. "घाला तो शब्द." ग्रामसेवक म्हणाला, तो अर्थ निघतोच. मी म्हणाले, "निघतो तर लिहायला काय जातं?" त्यानं लिहिला. कंपनीच्या साहेबांनी कुरकुर केली, पण दोन महिन्यांनी मान्य केलं. मॅडमनं माझ्या भिंतीवरचा ठिपका स्वतः चुन्यानं पुसला. नीट पुसला नाही, अजून थोडा गुलाबी दिसतो.

पाऊस उघडला की जुने पंखे काढायचे असं ठरलं. त्याआधी पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतो आणि त्यांना सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या संध्याकाळी चाचा दारात उभा. "वयनी, सात नंबरचे खांदे शेकायचे राह्यले."

"त्याला खांदा कुठंय?"

"जिथं हात पुरते तिथं."

मी गेले. तूप लोखंडावर घालवणाऱ्यातली मी नाही, तेल नेलं. हळद लावली आणि खांबाला सांगितलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." चाचानं बाजूला उभं राहून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी नेऊन ओट्यावर ठेवली. ती चाचानं खाल्ली. "त्याच्या नावानं मी जेवतो. त्याले साखर चालत नाई."

दसऱ्यानंतर मोठी क्रेन आली आणि सात नंबर आडवा झाला. सिमेंटचा ओटा फोडून काढला, वर माती टाकली. मी तिथं तूर पेरली. पहिल्या साली फुटभरच आली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या साली बरी आली.

नवं पातं आलं त्या दिवशी शाळेला सुट्टी द्यावी लागली, पोरं थांबेचनात. चाचा पांदणीवर सगळ्यात पुढे, कापूस सोडत. ट्रक मुंगीसारखा चालला. वळणावर शेपटी फिरली आणि वांग्यांवरून वीतभर उंचावरून निघून गेली. एक वांगं पडलं नाही. मॅडमनं चाचाला सलाम केला.

पावसाळ्यात वस्तीची भाजी टेम्पोतून पुलावरून यायला लागली. भाव मात्र त्यांनी एका रुपयानंही कमी केला नाही. लाईन अजूनही जाते. वस्तीतली एक पोरगी मॅडमच्या हाताखाली काम शिकते. बूट घालून फिरते, आईला आवडत नाही.

नव्या पंख्यांना चौकीदार लागत नाही, कॅमेरे आहेत. चाचा मुलीकडे कारंज्याला गेला. जायच्या दिवशी जीप पुलावर थांबवली, खाली उतरला, पेला पुलाच्या कठड्याला लावून ऐकलं, आणि मग तो पेला माझ्या हातात दिला. "महिन्यातून एक खेप नव्या पंख्यायकडे जात जा, वयनी. मॅडमचा कॉम्प्युटर चांगला हाय, पन त्याले कान नाईत."

मला माळ चढायचा कंटाळा. तरी पहिल्या महिन्यात गेले. खांब इतका रुंद की कवेत मावणार नाही. पेला लावला, कान लावला. फार वेळ उभी राहिले. घरी येऊन फोन केला.

"चाचा, काही ऐकू आलं नाही."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

"मंग बरा हाय तो," तिकडून आवाज आला, आणि मागे मुलगी ओरडत होती की अब्बा, पंखा का बंद केला? "आनि तुमची भिंत?"

मी पेला घरच्या भिंतीला लावला, त्या गुलाबी ठिपक्यावर. पलीकडे म्हैस रवंथ करत होती, बाकी काही नाही. तसं त्याला सांगितलं. मग फोन ठेवला, पेला धुतला आणि त्यात चहा ओतून घेतला.